ठकूकाकीने गार पाण्यात सोललेले वाल

मुरारीने मोड आलेल्या वालांवर पातेलंभर उकळतं पाणी ओतलं, आणि ओतून झाल्यावर त्याला आपलं शास्त्र आठवलं.

साल १९६६. महाडच्या शाळेत शिकून मुंबईच्या प्रयोगशाळेत चिकटलेला हा विद्वान वालाच्या कोवळ्या मोडांतलं एक एन्झाइम शोधत होता. मुंबईत सोलताना मोड तुटायचे, काळे पडायचे. म्हणून वाल नीट सोलून आणायला सरांनी त्याला पोलादपूरजवळच्या त्याच्या वाडीत धाडलं होतं. सोमवारी एन्झाइम दाखवलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आज होता शनिवार. सालं लवकर सुटावीत म्हणून घरोघरी वालांवर कोमट पाणी घालतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. ‘कोमट’ तेवढं पाहायचं राहिलं. उकळत्या पाण्यात एन्झाइम टिकत नाही.

शेजारची ठकूकाकी डोकावली. “तोंड का पडलंय रे? शिजले तर शिजले, फोडणी दे नि खा.”

“काकी, खायचे नव्हते गं. हे बघ, वालाच्या अंगात प्रथिनं तयार होतात. त्यांचा कच्चा माल बारीक बारीक हमाल वाहून आणतात. ट्रान्स्फर आरएनए म्हणतात त्यांना. हमाल तयार झाला की मग त्याच्या अंगावर ठरलेल्या जागी रसायनाचे ठिपके बसतात. ते बसवतं ते एन्झाइम.”

काकीने आपल्या हातावरचं हिरवं गोंदण पाहिलं. “म्हंजे जन्म आदी, गोंदण मागनं.”

“अगदी तसंच!”

“आन् तू गोंदणारणीलाच उकळत्या पाण्यात घातलीस? शाबास रे माज्या पंडिता!”

नव्याने वालांना मोड आणायला दिवस नव्हते. काकीकडे मात्र टोपलीभर मोड आलेले वाल होते. मुंबईच्या गिरणीतून रजेवर येणाऱ्या नवऱ्यासाठी, रावजीकाकासाठी ठेवलेले. तिने टोपली उचलून आणली. “त्यांना पिठलं घालीन. काय मरत नाय.”

रविवारी पहाटे, पौषातल्या थंडीत, ती झऱ्याच्या पाण्याचं घमेलं घेऊन बसली. आता कोमट पाण्याचाही धोका नको म्हणून मुरारीने त्यात पोलादपूरच्या दुकानातला भुशातला बर्फ टाकला. गार पाण्यात साल सुटत नाही. काकी नखाने बारीक चीर पाडायची, चिमटीत दाबायची, आणि दाणा मोडासकट अलगद बाहेर यायचा. मुरारीने पाच सोलले, चार मोडले.

“उठ तू. बर्फ फोड.”

तिची बोटं निळी पडली. मोडका दाणा ती बाजूला टाकत होती. “चालेल गं तोही,” तो म्हणाला.

“तुजं चालंल. माज्या हातचं मोडकं मुंबईला जायाचं नाय.”

दोन तासांत बर्फातला डबा भरला. मुरारी एसटीत तो मांडीवर घेऊन बसला. सोमवारी संध्याकाळी मोजणी यंत्रावर आकडे चढले: ठिपके बसत होते. सरांनी पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा चढले. काम मुरारीकडेच राहिलं.

त्याने काकीला लुगडं पाठवलं. ते पोस्टाने परत आलं, सोबत शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेली चिठ्ठी: ‘वाडीत कामाची फेड कामाने करतात. पौषात ये. एक पहाट गार पाण्यात सोल.’

त्यानंतर मुरारी दोनदा वाडीला जाऊन आला. दोन्ही वेळा वैशाखात.