ग्राइंडर मारलेल्या सळया

गेल्या वर्षी मार्चमध्ये आटपाडीजवळच्या एका पुलाच्या कामावर दोन सळया वाकवताना तडकल्या. त्याच संध्याकाळी त्या वाकवणाऱ्या माझ्या मेहुण्याला कामावरून काढण्यात आलं.

मेहुण्याचं म्हणणं असं : "दाजी, सळया ट्रकातनं दुमडूनच आल्या. सायबानंच घण घालून सरळ करायला लावल्या, आन परत तितंच वाकवायला सांगितलं. लोखंड हाय का रबर?"

साहेब म्हणजे साताऱ्याहून येणारे इंजिनिअर. दोष लोखंडाचा की कामगाराचा, हे शास्त्राने ठरेल असं त्यांनी जाहीर केलं. हुकुमाचाही असू शकेल, हा पर्याय त्यांनी ठेवला नव्हता.

तडकलेल्या दोन सळयांचे आणि त्याच मोळीतल्या एका न वाकवलेल्या सळईचा, असे तीन तुकडे त्यांनी सांगलीच्या प्रयोगशाळेत नेले. मेहुण्यासोबत मीही गेलो. तिथलं यंत्र सळईवर क्ष-किरण सोडतं. ते कोणत्या कोनात परततात, त्यावरून वाकवण्या-ठोकण्याने लोखंडात अडकून राहिलेला ताण कळतो. किरण केसाच्या जाडीइतकेही आत जात नाहीत.

तिन्ही तुकड्यांचा ताण जवळपास सारखा निघाला.

"बघा," इंजिनिअर म्हणाले, "तडकलेल्या सळयांत जास्तीचा ताण नाही. लोखंड ठीक आहे. हात वाईट."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी एक तुकडा उजेडात धरला. तो घासलेल्या ताटासारखा चकाकत होता.

"हे कुणी घासलं?"

"मीच ग्राइंडर मारायला सांगितला. तुमच्याकडे गंजकं कसं आणायचं?"

"घासल्याने वरच्या थरात नवा ताण येतो. यंत्राने तुमचा ग्राइंडर मोजलाय, साहेब."

"पण निकाल चांगला आलाय ना?"

मेहुणा म्हणाला, "आवं सायेब, मयताला पावडर लावून तब्येत इचारताय व्हय?"

इंजिनिअर त्याच्याकडे न बघता निकालाची प्रत मागत राहिले. बाईंनी सही केली नाही. न घासलेले तुकडे आणा, म्हणाल्या. गंज त्या स्वतः रसायनाने उतरवणार होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि मेहुणा तुकडे आणायला पुलावर गेलो. तडकलेल्या सळयांची उरलेली टोकं भंगारात गेली होती. त्या मोळीतल्या बाकीच्या सळया बांधून वर काँक्रीट ओतून झालं होतं.

सांगलीचा निकाल सहीविना आहे. मेहुण्याला परत बोलावलं नाही; तो लोणंदला एका गोदामाच्या कामावर सळया वाकवतो. पुलावरून दिवाळीपासून एसटी जाते.