लाइनीखालची घरं

“आधी पाणी द्या,” असं म्हणतच बाई घरात शिरायच्या.

खाटेच्या काठावर बसायच्या, हेल्मेट मांडीवर घ्यायच्या आणि पेला पूर्ण रिकामा करून खाली ठेवायच्या. मग म्हणायच्या, “नाव नाई आलं.” एवढंच. धीराचे शब्द नाहीत, उपदेश नाही. थोडा वेळ तशाच बसून राहायच्या आणि मग स्कूटी सुरू करून पुढच्या घरी जायच्या.

मूल गावाच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो, त्या बाजूच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते आठवी. बाई तिथे गणित शिकवायच्या, मी मराठी. दरवर्षी आठवीतली काही मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतात. शिष्यवृत्ती लागली की बारावीपर्यंतच्या शिक्षणाची सोय होते. जिल्ह्याच्या जागा ठरलेल्या असतात. शेवटची जागा ज्या गुणावर भरते, ती लाइन. आमच्याकडे लाइन म्हणजे खरं तर वीज. पण निकालाच्या आठवड्यात कोणी “लाइन कितीवर गेली?” असं विचारलं, की तो प्रश्न विजेचा नसायचा.

ज्यांची नावं येत, त्यांचं काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापक चौकात फ्लेक्स लावायचे. त्यावर मुलांपेक्षा त्यांचा स्वतःचा फोटो मोठा असायचा. हार, पेढे, सरपंच, टाळ्या. त्यातल्या एकाही फोटोत बाई सापडणार नाहीत. त्या वेळी त्या लाइनीखालच्या कुठल्यातरी घरी पाणी पीत बसलेल्या असायच्या.

मी एकदा विचारलं, “बाई, हे सांगायला जायचं कशाला? मोबाइलवर कळतंच की सगळ्यांना.”

“कळते ना. मोबाइलवर कळते, आन मंग पोरगं दिवसभर घरामागं जाऊन बसते. कोनी घरी येऊन तोंडानं सांगितलं, का मंग त्याले भूक लागते.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याबद्दल सांगताना प्रेमळ हा शब्द वापरावासा वाटतो, पण तो बसत नाही. बाई प्रेमळ नव्हत्या. त्यांचा खडू नेमका कपाळावर बसायचा. कोणी कितीही अवघड गणित सोडवलं, तरी त्यांच्या तोंडून “बरं” यापलीकडे काही निघत नसे. मुलांनी त्या ‘बरं’चेही प्रकार पाडले होते. लांब बरं म्हणजे पहिला नंबर, तुटक बरं म्हणजे पुन्हा कर. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मूल गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकट्या राहत. का केलं नाही, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही.

एकदा भर उन्हाळ्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला त्या घरोघरी फिरत होत्या. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. एका दारात पोचल्या आणि सवयीनं म्हणाल्या, “आधी पाणी द्या.” त्या घरातली बाई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. “कोनाचं नाव नाई आलं जी, बाई?”

“अवो, तहान लागली मले! तुमचं पोरगं त सहावीत हाय!”

स्टाफरूममध्ये हे सांगताना बाई खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही.

करिश्मा त्यांच्या वर्गात आली, ती याच्या पुढच्या वर्षी. आईवडील धानाची शेती करायचे आणि धान कापून झालं की इकडच्या पुष्कळ लोकांसारखे तेलंगणात मिरची तोडायला जायचे. करिश्माची एक सवय होती. प्रश्न दोनदा वाचायचा, ओठ हलवत. बाईंनी तिला ही सवय लावली होती की ती तिची स्वतःचीच होती, मला माहीत नाही. त्या वर्षी तिचे आईवडील निकालासाठी थांबले. नाव आलं तर पोरगी मावशीकडे राहून शिकेल, नाही आलं तर सोबत येईल, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं.

त्या परीक्षेत एक प्रश्न चुकीचा छापला होता. ‘सर्वांत मोठी संख्या’ असं हवं होतं, मराठी पेपरात ‘सर्वांत लहान’ असं आलं. उत्तर मात्र मोठीचंच धरलं होतं. ज्या मुलांनी घाईत पर्याय पाहून खूण केली, त्यांना गुण मिळाला. करिश्मानं दोनदा वाचून लहान संख्येवर खूण केली. बाईंनी स्टाफरूममध्ये बसून रीतसर आक्षेप पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. निकाल आला. करिश्मा एका गुणानं लाइनीच्या खाली होती.

त्या दिवशी मी बाईंबरोबर होतो. पाणी पिऊन झालं, सांगून झालं. करिश्मा दाराला टेकून उभी होती.

“कोनता चुकला, बाई?”

“तुहा नाई चुकला.”

“मंग?”

बाईंनी हेल्मेट उचललं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी करिश्माच्या घराला कुलूप होतं, सगळे मिरचीला गेले होते.

पुढे काही आठवड्यांनी सूचना आली. तो प्रश्न रद्द केला आहे, त्याचा गुण सगळ्यांना मिळेल, सुधारित निकाल लवकरच लागेल. मी हजेरी घेत होतो. बाई वर्गाच्या दारात आल्या. “सर, तुमाले तेलगू येते ना?”

माझं लहानपण तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला गेलं. येते म्हणालो. आम्ही रजा टाकली आणि बल्लारपूरहून गाडी पकडली.

गाडीत मी जरा चाचरतच बोललो. “बाई, गुण सगळ्यांनाच मिळाला, तर लाइनही वर सरकेल ना?”

“सरकन. पन काही पोरायले तो गुण आधीच भेटला हाय. त्यायचा वाढत नाई.”

“ती किती असतील?”

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. कापसाची शेतं मागे जात होती. मी मराठीचा शिक्षक. मला जे दिसत होतं, ते गणिताच्या शिक्षिकेला दिसत नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

करिश्माच्या मावशीनं सांगितलेल्या मिरचीच्या त्या शेतापर्यंत पोचायला ऑटो बदलत बदलत जावं लागलं. लांबूनच ठसका लागला. जमिनीवर लाल मिरच्या वाळत पसरल्या होत्या आणि बांधाच्या कडेला प्लास्टिकची पालं उभी होती. त्यातल्याच एका पालापुढे करिश्माचा बाप उभा होता.

“बाई? तुमी? इथी?” मग एकदम, “नाव आलं का जी?”

निकाल हातात पडल्याशिवाय बाईंनी कधी कोणाला एक शब्द सांगितला नव्हता. मुख्याध्यापकांनी विचारलं तरी नाही. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “आलं समजा.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

करिश्मा ओळींमधून चालत आली. तोंडाला ओढणी बांधलेली, डोळे लाल, हात कोपरापर्यंत मिरचीनं माखलेले. आईनं तिच्या हातांना तेल चोळलं, एका पिशवीत तिचे कपडे घातले. शेतमालक ऐन तोडणीत माणूस सोडायला तयार नव्हता. पोरीची परीक्षा आहे, असं मी त्याला तेलगूत सांगितलं. त्यालाही शाळेत जाणारी मुलगी असावी. निघताना त्यानं बाईंच्या हातात वाळल्या मिरच्यांची थैली ठेवली.

“तुमच्या भरोशावर देऊन राह्यलो, बाई,” बाप म्हणाला.

करिश्मा मावशीकडे न जाता मूलला बाईंच्या खोल्यांवर राहू लागली. सुरुवातीला तिच्या हातांची आग थांबेना, पेन धरवत नव्हता. बाई तिचे हात दह्यात बुडवून बसवायच्या. सकाळी दोघी एका स्कूटीवर शाळेत यायच्या. एकदा वर्गावरून जाताना मी बाईंच्या तोंडून “शाब्बास” असा शब्द ऐकला आणि खिडकीत थांबून खात्री करून घेतली. त्याच होत्या. मुलंसुद्धा एकमेकांकडे बघत होती.

सुधारित निकाल लागला, तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. रविवारची दुपार होती. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका द्यायला गेलो होतो. बाईंनी मोबाइल पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला. मला म्हणाल्या, “उकडते नाई?”

करिश्मा आतल्या खोलीतून आमच्याकडे बघत असावी. ती पाण्याचा पेला घेऊन आली आणि बाईंसमोर धरला.

“घ्या, बाई.”

बाईंनी पेला घेतला. पूर्ण प्यायल्या. खाली ठेवला.

“लाइन बी वर गेली का?” करिश्मानं विचारलं.

“हो.”

“कितीनं?”

“एकानं.”

तिनं थोडा विचार केला. फळ्यावरचं गणित पटल्यावर मान हलवायची, तशीच मान हलवली. “बरोबर हाय. सगळ्यायलेच भेटला ना तो गुण.”

आणि पेला घेऊन ती आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. मला तेव्हा वाईट वाटलं, असं सांगता येणार नाही. काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला नसतो, तसं काहीसं. बाई टेबलावरच्या प्रश्नपत्रिका एकाखाली एक नीट लावत होत्या. आधीच नीट होत्या त्या.

मिरचीहून लोक परतले. बाई मला घेऊन करिश्माच्या घरी गेल्या आणि सगळं सांगितलं. बाप ऐकत होता. “तुमी त आलं समजा म्हनलं होतं, बाई.”

“हो. म्हनलं होतं.”

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो आत बघून म्हणाला, “ताटं वाढ वो दोघायले.” आम्ही जेवलो. बाईंनी भात दोनदा घेतला.

करिश्माचं शिक्षण थांबलं नाही. बापानं तिला पुन्हा मिरचीला नेलं नाही. शेजारच्या गावच्या हायस्कुलात बसनं जाऊन ती शिकली. आता गडचिरोलीला नर्सिंगचा कोर्स करते. मध्यंतरी मूलच्या बसस्टँडवर भेटली, तेव्हा मी तो विषय काढला. ती म्हणाली, “मी त कधीचीच विसरली, सर. बाईले सांगा ना कोनी.”

बाईंना कोण सांगणार? त्या निकालाच्या पुढच्या वर्षी परीक्षेचा वर्ग सुरू करायची वेळ आली, तेव्हा त्या मला म्हणाल्या, “यंदा तुमी घ्या, सर.” रोजचे तास त्या घ्यायच्या, पण फळ्याकडे बघून. खडू कोणाच्या कपाळावर बसेनासा झाला. मुलांना आधी बरं वाटलं, मग ती घाबरली. निकालाच्या दिवशी लाइनीखालच्या घरी मी गेलो. मला ते जमलं नाही. मी फार बोललो.

मग बदल्यांच्या अर्जांचे दिवस आले. ऑनलाइन अर्ज भरताना जो तो रस्त्यावरची शाळा बघतो. बाईंनी पहिल्या पसंतीला जिल्ह्याच्या टोकाला, जंगलात पार आत असलेली एक शाळा टाकली. मुख्याध्यापकांना वाटलं, चुकून भरलं. ते दुरुस्त करून द्यायला निघाले होते. बाई म्हणाल्या, “चुकलं नाई.” ती शाळा चौथीपर्यंतच आहे, हे मी नंतर पाहिलं. तिथून कोणी त्या परीक्षेला बसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. एक खोली, एक व्हरांडा, पुढे मोहाचं झाड. बाई व्हरांड्यात जमिनीवर बसल्या होत्या आणि सगळी शाळा त्यांच्याभोवती. केस पांढरे झाले होते. एका बारक्या पोरीनं त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं होतं. मुलं बाईंना गोंडीतले आकडे शिकवत होती. एकासाठी उंदी, दोनासाठी रंड, तिनासाठी मूंद. चारापाशी बाई अडखळल्या, तशी सगळी हसून लोळायला लागली.

एका मोठ्या मुलीनं चहा आणून दिला. थोडं इकडचंतिकडचं झालं. मग मी म्हणालो, “बाई, यंदा आपल्या शाळेतून...”

त्यांनी हात वर केला. “सर, चहा निवून राह्यला.”

मी चहा प्यायलो. ऊन व्हरांड्यातून खाली उतरत होतं. मुलांनी बाईंना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. त्यांनी मांडीवरच्या पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले, समोरच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि एक बोट वर केलं.

“उंदी,” बाई म्हणाल्या.