डब्याच्या बुडावरची तारीख

१५ मे २०२२, रविवार. नातीच्या सहा बाटल्या उकळून फडक्यावर उपड्या घातल्या होत्या आणि पावडरच्या दुधाचा मोठा डबा तळापर्यंत खरवडून घेत होते. फोन साखरेच्या बरणीला टेकवलेला. त्यात चिखलीहून आई. आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. रविवारी या वेळी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि मी हातातलं काम करत बोलते. पूर्वी मिनिटांची कार्डं विकत घेऊन बोलायचो, आता फुकट, एवढाच फरक.

त्या फोनबद्दल लिहायचं आहे. त्याआधी मी कुठून निघाले ते सांगते, नाहीतर आई त्या दिवशी काय विचारत होती ते कळायचं नाही.

१९९७ साली चिखलीच्या बसस्टँडवर मला सोडायला आई थेट ड्युटीवरून आली होती. ती जानेफळकडच्या खेड्यांमध्ये नर्स होती. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, चपला धुळीने भरलेल्या. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. सुधीर, माझा नवरा, आधीच ओहायोतल्या एका कारखान्यात लागला होता. मला मुंबईपर्यंत एसटीने आणि पुढे विमानाने एकटीनेच जायचं होतं. वडील माझं तिकीट पुन्हापुन्हा उघडून बघत होते. आईने माझ्या हातात एक डबा दिला. लहान मुलांच्या दुधाचा रिकामा पत्र्याचा डबा, आत काळा मसाला दाबून भरलेला, झाकणाला मेण लावलेलं. मला भरून आलं तशी ती म्हणाली, "रडू नको. तुले बस लागते. रडशीन त देऊळगावराजाच्या आत उलटी होईन."

रडले नाही. उलटी झालीच.

तो डबा अजून माझ्या ओट्यावर आहे. त्यात मोहरी असते. त्याच्या बुडावर पिनेने ओरखडलेली एक तारीख आहे, कुठल्यातरी घरी तो डबा फोडला त्या दिवसाची. ही आईची कामाची पद्धत होती. कुणाची माय बाळंतपणात गेलेली, कुणाला अंगावर दूध नाही, अशा घरांत तेव्हा डबा यायचा. डबा महाग, शिवाय तो आणायला तालुक्याला जावं लागायचं. मग घरोघरी एकच युक्ती: चमचा कमी, पाणी जास्त. गाईच्या दुधात पाणी घालायची सवय होतीच, घट्ट दूध लेकराला जड पडतं अशी समजूत. आई डबा फोडलेल्या दिवशी बुडावर तारीख ओरखडायची आणि आठवड्याने जाऊन डबा उघडून बघायची. "मायले विचारू नये, डब्याले विचारावं," असं ती आम्हाला सांगायची. डबा लवकर संपला की तिला बरं वाटायचं. एखादी सासू कौतुकाने सांगायची, "पाहा नर्सबाई, आमचा डबा महिनाभर पुरला." तेव्हा आई खाली बसायची, डबा मांडीवर घ्यायची आणि शांतपणे म्हणायची, "पुरला नाही वं. लेकराच्या तोंडचा काढला."

सुट्टीत मी तिच्याबरोबर फिरायची. तारीख ओरखडायचं काम माझं असे.

इकडे आल्यावर सवय राहिली. पीठ, तेल, मसाला, फोडलं की मी तारीख लिहिते, आता मार्करने. सुधीर हसतो. शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं काम केलं, तिथेही सगळ्या डब्यांवर माझ्या हातच्या तारखा होत्या. या मार्चमध्ये ती नोकरी सोडली, कारण मुलगी अश्विनी हॉस्पिटलच्या कामावर परत गेली आणि चार महिन्यांची तारा माझ्याकडे आली. जावई दुसऱ्या राज्यात नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. दोघी आमच्याच घरी राहतात. बाळंतपणानंतर अश्विनीला जे औषध सुरू झालं, त्यावर अंगावर पाजायला बंदी. त्यामुळे तारा पहिल्या महिन्यापासून डब्यावर. दिवसभराच्या बाटल्या सकाळी मी बनवून फ्रिजमध्ये ठेवायच्या, मग जो घरात असेल त्याने कोमट करून पाजायच्या.

आणि नेमके त्याच दिवसांत दुकानांतले डबे संपले.

माझ्या भावाला, विनोदला, हे खरंच वाटेना. "ताई, चिखलीत मेडिकलवर डब्यांची थप्पी लागून राह्यली. अन् अमेरिकेत दूध नाही म्हणते तू?" त्याने पाठवायची तयारी केली. कुरिअरवाला घ्यायला तयार नव्हता. कारण विचारणाऱ्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते. एका मोठ्या कारखान्यात जंतू सापडले, त्या कारखान्याचं दूध प्यालेली काही बाळं आजारी पडली, माल परत मागवला आणि कारखाना बंद झाला. जंतू बाळांपर्यंत तिथूनच गेले का, यावर वाद चालू आहे. पण एक कारखाना बंद पडल्याने एवढा मोठा देश अडतो कसा? कारण हे दूध बनवणाऱ्या कंपन्याच तीन-चार. गरीब आयांना सरकार दुधासाठी मदत देतं, आणि त्यासाठी प्रत्येक राज्य एकाच कंपनीशी करार करतं. कंपनी सरकारला भरपूर सूट देते, बदल्यात त्या राज्यात तिचाच डबा चालतो. दुकानदारही मग तोच जास्त ठेवतो. बाहेरच्या देशांतला डबा येऊ नये म्हणून जबर कर, वर लेबलाचे नियम. जर्मनीतला चांगला डबा इथल्या बंदरात अडवला जातो, कारण त्यावरचा मजकूर इथल्या नियमात बसत नाही.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आपल्याकडे कापसाची एकाधिकार खरेदी होती तेव्हा मी चिखलीतच होते. घेणारा एकच, सरकार. त्याने केंद्र उघडलं तर उघडलं, नाहीतर गाड्या रांगेत उभ्या. आणि लोक गुपचूप मध्य प्रदेशाच्या हद्दीत कापूस नेऊन घालायचे. इथे आया फोनवर गट करून जर्मन डबे मागवत होत्या, तसंच. फरक एवढाच की कापूस चार दिवस थांबतो.

दुकानात पाटी लागली: एका गिऱ्हाइकाला तीनच डबे. पुढे पुढे तीन मिळायचेही बंद झाले. सुधीर कामावरून येताना शेजारच्या गावांतून फिरून यायचा आणि बहुतेक वेळा रिकामा यायचा. त्याच आठवड्यात टीव्हीवर पुढारी भांडत होते. बिनपरवाना सीमा ओलांडताना पकडून ठेवलेल्या लोकांच्या बाळांसाठी दूध ठेवलं आहे, त्याचे फोटो दाखवून, आधी आपल्या देशातल्या लेकरांना द्या म्हणून. दुकानाच्या रांगेत माझ्या मागची म्हातारी माझ्या हातातल्या एका डब्याकडे बघून तिच्या मुलीला म्हणाली, "यांना बरोब्बर सापडतं." मी ऐकलं नाही असं दाखवलं. या देशाची नागरिक होऊन मला चौदा वर्षं झाली. पण खरं सांगायचं तर आदल्या दिवशी तो फोटो बघताना माझ्याही मनात तेच आलं होतं, आधी माझ्या नातीला. त्या म्हातारीला मी काय बोलणार?

शेजारच्या क्रिस्टनचं मूल नुकतंच साध्या दुधावर गेलं होतं. एप्रिलच्या शेवटी तिने कुंपणाशी थांबून विचारलं, "माझ्याकडे दोन डबे उरलेत, सीलबंद. हवेत का?" मी म्हटलं, "नको, नको, आहेत आमच्याकडे." आपल्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. समोरचा पुन्हा म्हणतो, आपण पुन्हा नको म्हणतो, तिसऱ्यांदा घेतो. क्रिस्टन "बरं" म्हणाली आणि आत गेली. पंचवीस वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडातून तेच निघालं. आणि परत जाऊन मागायची लाज वाटली.

त्यानंतर मी चमचा कमी केला. आधी सपाट चमच्याऐवजी थोडा उणा. मग चार चमच्यांच्या बाटलीत तीन. अश्विनीला सांगितलं नाही. ती बारा-बारा तास उभी राहून यायची, तिला आणखी एक घोर कशाला, असं मी स्वतःला सांगत होते. तारा बाटली संपवायची आणि अर्ध्या तासात रडायची. नंतर रडणंही कमी झालं, झोप वाढली. पोरगी शहाणी होतेय, असं मी सुधीरला म्हणाले. खरंच म्हणाले.

आता त्या रविवारचा फोन. आईने ताराला दाखव म्हटलं. मी तिला कडेवर घेऊन फोनसमोर धरलं. आईने फोन डोळ्यांजवळ नेला. तिला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे.

"मान काऊन अशी टाकून राह्यली?"

"झोप आलीय तिला. हल्ली शहाणी झालीय."

"शहाणी नाही वं ती, ढिली पडली. पेते किती?"

"पूर्ण बाटली."

"डबा कवा फोडला?"

मी म्हटलं, झाले असतील आठ दिवस.

"बुड दाखव."

डबा ओट्यावरच होता. मी तो उलटा करून फोनसमोर धरला आणि तेव्हाच मला माझं अक्षर दिसलं. ४ मे. मीच लिहिलं होतं. इतकी वर्षं मी तारखा लिहीत होते आणि त्या कशासाठी लिहायच्या हे माझ्या डोक्यातून गेलं होतं.

आईने बोटांवर मोजलं. "आठ दिसाचा डबा अकरा दिस पुरला." मग म्हणाली, "तू होती न माह्यासंगं. तूच ओरखडायची न तारीख."

ती रागावली नाही. रागावली असती तर मी टंचाई सांगितली असती, कारखाना सांगितला असता, पुढाऱ्यांना शिव्या दिल्या असत्या. ती पुढे एवढंच म्हणाली, "आत्ताच्या आत्ता पुरा चमचा टाक. नुसतं पाणी एक थेंब पाजू नको. आकडी आली त दवाखान्यात पय. अन् तिच्या मायले सांग. आज सांग."

फ्रिजमधल्या कालच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या ओतून दिल्या. घरात शेवटचा एक छोटा डबा होता, तो फोडला. चमचा सुरीच्या पात्याने सपाट करून मोजून घातला. तारा प्यायली आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा माझं बोट घट्ट धरलं. मला त्याने बरं वाटलं नाही.

संध्याकाळी अश्विनी आली. तिने हात धुवायच्या आत मी सांगितलं, नाहीतर सांगितलं गेलं नसतं. चाराला तीन, अठरा दिवस. तिने आधी ताराला उचललं, डोळे बघितले, टाळूवर हात ठेवला. मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या नर्सने सांगितलं, जागी आहे, पिते आहे, तर सकाळी दवाखाना उघडताच घेऊन या. झटके आले किंवा उठेनाशी झाली तर लगेच इमर्जन्सीत जा. फोन ठेवून अश्विनी मला म्हणाली, "मम्मी, डबे संपलेत एवढं सांगता आलं नाही तुला? मी हॉस्पिटलमध्ये काम करते. मी कुणालाही विचारलं असतं." मी म्हटलं, "हो." त्या रात्रीच्या बाटल्या तिने स्वतः बनवल्या, आणि ते बरोबर होतं.

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कोणतं, चिखली की ओहायो? मी नेहमी म्हणायचे, जिथे माझी भांडी आहेत ते. त्या दिवसापासून असं म्हणवत नाही. ज्याच्यापुढे डब्याचं बुड दाखवावं लागतं असं माणूस जिथे आहे, ते घर. ते माझ्यासाठी चिखलीच्या गॅलरीत बसलेलं आहे आणि थकलेलं आहे. तिच्यानंतर मला कोण विचारणार, हा प्रश्न मी यापूर्वी स्वतःला कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही दवाखान्यात होतो. वजनकाट्यावर तारा तीन आठवड्यांपूर्वी होती तेवढीच भरली. नर्सने विचारलं, दूध कसं बनवता. अश्विनीने माझ्याकडे बघितलं आणि मी चमचे सांगितले. नर्सने ते लिहून घेतलं. रक्त घेतलं. रक्तातलं मीठ जरा खाली गेलं आहे पण धोक्याचं नाही, दूध पूर्ण द्या, गुरुवारी पुन्हा आणा, असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर मी घरात न जाता तशीच क्रिस्टनच्या दारात गेले आणि बेल दाबली. म्हटलं, "त्या दिवशी मी नको म्हणाले. मला हवे होते. अजून आहेत का?" एक तिने देऊन टाकला होता. एक होता.

तो घेऊन घरी आले, फोडला, बुडावर तारीख लिहिली, १६ मे. मग मार्कर आणि डबा दोन्ही अश्विनीपुढे ठेवले. "दर चार दिवसांनी उघडून बघत जा," म्हटलं. "मला विचारू नको."

तिने डबा उचलला, उलटा करून तारीख वाचली आणि झाकण काढून आत बघितलं.