दादांच्या हातचा घास

श्राद्धाचं जेवण उरकून पाहुणे पांगलेत. हेमलता जरा आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच दारात दादा उभे. तिचे वडील. जाऊन वर्ष झालं, पण सदऱ्याची इस्त्री तीच आणि रुबाबही तोच.

"माझंच श्राद्ध, आणि मलाच वाढायला कुणी नाही?"

घ्या! आल्या आल्या हुकूम. सहा वर्षांपूर्वी हिच्या पोटात मरणाच्या कळा येत होत्या, तेव्हाही या गृहस्थांचा हुकूमच चालला. "काही होत नाही. गॅस आहे, ओवा खा." दोन दिवस दवाखाना नाहीच. आतड्याला पीळ पडला होता. ते आतल्या आत काळं पडलं. डॉक्टरांनी कापून काढलं, उरलं हातभर. तेव्हापासून खाल्लेलं अंगी लागायच्या आत बाहेर, आणि रोज रात्री छातीतल्या नळीतून पोषणाची पिशवी.

उरलेलं आतडं हळूहळू शिकतं, म्हणाले डॉक्टर. चमचाभर ओट्सची पेज, मऊ गाजर, सोसेल तसं वाढवायचं. गवारीसारख्या दोऱ्याच्या भाज्यांना मात्र हात लावायचा नाही. यंदा कुठे ते शिकायला लागलंय. सोमवारी तपासणी आहे, नीट निघाली तर नळी सुटणार.

ती पान घ्यायला वळते. ओट्याचं ऑपरेशनचं टेबल झालंय. वर तो पांढरा दिवा. दादा टेबलावर मांडी घालून जेवतायत.

"दादा, माझं आतडं तुम्ही घालवलंत. एकदा तरी म्हणा, चुकलं."

"मेलेल्या माणसाशी भांडतेस?"

"जिवंतपणी ऐकून घेतलंत कधी?"

दादा गवारीचा घास करतात. "किती वाळलीस गं! आ कर. काही होत नाही."

तिला ते पान भिरकावून द्यायचंय. मेल्यावरही तेच बोलता, लाज नाही वाटत, असं ओरडायचंय. पण तोंड उघडतं ते घासासाठी. दादा भरवतात, आणि ती मुकाट्याने चावते.

जाग येते तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी आहे. पुढ्यात गवारीचं पातेलं उघडं, बोटं पेरापर्यंत तेलकट. दातात काहीतरी अडकलंय. ती नखाने ओढते. गवारीचा हिरवा दोरा.

बाप मेला, पण त्याचं ऐकायची खोड काही मेली नाही.

"गेला माझा सोमवार!" ती रडत म्हणते. पोटात गुरगुर सुरू होते, आणि ती भिंत धरत संडासाकडे धावते.