सुमनच्या चेहऱ्यावरचा हिरवा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज सांगणार — आणि अर्ध्यावर गिळून टाकणार नाही, एवढं नक्की.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुलुंडला काकांचा फोटो स्टुडिओ होता, तिथले लाइट मी सांभाळायचे. लग्नासाठी दाखवायचा फोटो असला की दिव्याला गुलाबी जिलेटिन कागद चिमट्याने लावायचा, हा आमचा नेमच. गुलाबीत सावळा चेहरा उजळतो, डाग दबतात. हिरव्यात? हिरव्यात चांगलं माणूसही आजारी दिसतं. मला हे पाठ होतं — म्हणजे चुकून झालं म्हणायची सोय नाही.

मला बघून गेलेल्या मुलाकडून निरोप आला, धाकटीचा फोटो पाठवा. धाकटी म्हणजे माझी बहीण, सुमन. आई मला म्हणाली, "तिचो एक बरो फोटो काढ गो." अंगाची नुसती लाहीलाही झाली माझ्या! मला नाकारायचं, आणि वर फोटोही मीच काढायचा?

काका जेवायला गेले होते. सुमन स्टुलावर बसली, पिवळी साडी नेसून, माझ्याकडे बघून हसत होती वेडी. आणि मी — मी गुलाबी काढून हिरवा लावला. "हा कसला गं, ताई?" तिने विचारलं. म्हटलं, साडीला शोभतो.

प्रिंट आली. डोळ्यांखाली काळं, गाल मातकट. सुमन बघतच राहिली. तेव्हा तरी गप्प बसायचं ना मी? नाही. म्हटलं, "कॅमेऱ्यात असतं तेच येतं, सुमे. तू दिसतेस तशीच आलीयस."

ते स्थळ गेलं. पुढे तिचं दुसरीकडे लग्न झालं, संसार झाला. पण त्या दिवसानंतर ती कॅमेऱ्यासमोर धड उभी राहिली नाही. स्वतःच्या लग्नात मान खाली. बारशाला पोर पुढे, आपण मागे. पोरांकडे आईचा एक सरळ फोटो नाही.

परवा तिच्या घरी, घाटकोपरला, सून तिला फोटोसाठी ओढत होती. सुमनने हात सोडवून घेतला. "नको गं. मी कशी दिसते ते मला ठाऊक आहे. बाकी सगळे गोड बोलायचे — खरं सांगणारी एकटी माझी ताई."

सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मी हसले.