ओ आल्याशिवाय पाऊल नाही

मढीच्या नाथाला नवस बोलून झालेला पोरगा, म्हणून आईबापांनी नाव ठेवलं कानिफनाथ. नाथ जन्मले हत्तीच्या कानातून, आणि या कानिफनाथ पालव्याचे म्हातारपणी नेमके कानच गेले! पण हे त्याला सांगायचं कुणी? आणि सांगितलं तरी त्याला ऐकू जायला नको?

"भाकरी थापू का?" असं विजयमालाबाईनं विचारलं, की हा म्हणायचा, "चाकरी? ती सुटून अकरा वर्षं झाली की!" डॉक्टरनं कानाचं मशीन घ्या म्हटलं, तर वर तोंड करून म्हणाला, "मशीन बसवायला मी काय पिठाची गिरनी हाय का?" त्याचं म्हणणं एकच, हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

भिंगारला येण्याआधी अठ्ठावीस वर्षं तो अकोले तालुक्याच्या डोंगरात वनरक्षक होता. पाथर्डीच्या उघड्या माळावरचा गडी, पहिल्यांदा त्या दाट रानात शिरला तेव्हा भरदुपारचा अंधार बघून त्याची पाचावर धारण बसली होती. पुढं तिथलं झाडन् झाड भावकीतल्यासारखं ओळखीचं झालं. भिंगारात मात्र त्याला कोण विचारतो? दूध आणा, सिलिंडरवाला आला का बघा, एवढीच कामं.

आणि यंदा, दिवाळीच्या आधी, सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर सहलीचा विषय निघाला. दरसाल शिर्डी ठरलेली. कादरभाई म्हणजे लष्कराच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला, कानिफनाथाचा जिवाचा दोस्त. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "यार नाथा, सगळा जन्म या भिंगारच्या उन्हात तळून निघाला. तुझं ते जंगल दाखव की एकदा. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर." बघता बघता अकरा नावं झाली. सगळ्यात थोरले अठ्ठ्याहत्तरचे. कादरभाईच्या बायकोनं, जहिराभाभीनं, तर बासष्टाव्या वर्षी आयुष्यातले पहिले बूट घेतले आणि सवय व्हावी म्हणून ते घालून ती अंगणात हिंडू लागली.

कानिफनाथ दहा वर्षांनी लहान झाला. वही आणली, वाट काढली, कुठं बसायचं ते लिहिलं. चढताना म्हाताऱ्याची छाती भरते आणि उतरताना गुडघे जातात. छातीला थांबून थांबून नेता येतं, गुडघ्याला नाही. म्हणून सगळ्यांनी खालून हळूहळू चढायचं आणि गाडी वळसा घालून वरच्या वाडीत आणून ठेवायची, उतरायचं कामच नको. साखरवाल्यांच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू, जळवांसाठी तंबाखूचं पाणी. बाया लघवीला कुठं जातील, तेसुद्धा या बाबाने दोन ठिकाणी फुली मारून ठेवलं होतं!

आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात नियम: हाळीला ओ आल्याशिवाय पाऊल नाही.

त्या रानात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. म्हातारं माणूस नाडी बांधायला थांबलं, तरी गेलंच समजा. म्हणून वाटाड्यानं पुढून हाळी द्यायची, सगळ्यात मागच्यानं ओ द्यायची. ओ आली की पुढचं पाऊल, नाही आली तर तिथंच थांबायचं. अठ्ठावीस वर्षांत कितीतरी लोक त्याने रानातून फिरवून आणले, एकही हरवला नाही, तो या ओच्या जोरावर.

"लोकांची म्हातारी माणसं नेताय," विजयमालाबाई त्याच्या कानाशी ओरडली. "तुमाला ऐकू येत न्हाई, कायतरी घात व्हईल!"

"रानातलं सगळं येतंय मला ऐकू," तो म्हणाला. "घरातलं ऐकन्यासारखं असतंय काय?"

त्याचा तसा खरोखरच विश्वास होता. कान आहेत जागेवर, रानात गेले की उघडतील. तरी नियमाचा माणूस, आधी वाट बघून यायची म्हणून कादरभाईला घेऊन एसटीनं राजूर, तिथून जीपनं पायथ्याची वाडी. रात्री जुन्या ओळखीच्या सहादेवकडं मुक्काम केला. सहादेव पूर्वी त्याच्याबरोबर रान राखायचा. आता कमरेतून गेलेला, पोरं नारायणगावला मजुरीला. म्हणजे दुसरा वाटाड्या धरायची सोयही उरली नव्हती.

सकाळी दोघं रानात शिरले. पाऊस उघडून आठवडा झाला होता, खोडं ओली, वर कुठंतरी ऊन. कानिफनाथाचे पाय वाट विसरले नव्हते. मुळांच्या पायऱ्या, कपारीतलं पाणी, वळणावरचं वाकडं जांभूळ, सगळं जिथल्या तिथं. त्याला भरून आलं. फक्त एक गोष्ट खटकत होती.

"रान मुकं झालंय, कादरभाई. पयलं कसं गजबजल्यालं असायचं."

कादरभाईनं त्याच्याकडं चमकून बघितलं. सकाळपासून किरकिऱ्या किड्यांनी त्याचे कान किटले होते.

पाण्याच्या कपारीपुढं कानिफनाथ म्हणाला, "आता तू मागचा. मी फुडं जातो, हाळी देतो, तू ओ द्यायची. बघू आपली म्हातारी कंपनी कशी चालंल ती."

दोन वळणं पुढं जाऊन त्याने तोंडाला हात लावला. "होऽऽ!" आणि थांबला. ओ आली नाही.

पुन्हा हाळी दिली. काही नाही. कादर पडला का? साप? छातीत कळ? जहिराभाभीला काय तोंड दाखवू? तिसरी हाळी दिली, चौथी दिली. रान गप्प. पाऊल टाकायचं नाही हा त्याचाच नियम, पण पाचव्या हाळीला त्याने तो मोडला आणि वळून मागं धावला.

वळणाच्या अलीकडंच, चार पावलांवर, कादरभाई उभा होता. ओ देत देत पार इथवर आला होता. मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तोंड वासलेलं. तो जीव खाऊन ओ देत होता.

कानिफनाथानं ते तोंड बघितलं. त्यातून रानातल्यासारखाच गप्पपणा येत होता. मग कादरभाईनं तोंड मिटलं.

दोघं तिथंच दगडावर बसले. कानिफनाथ म्हणाला, "कवापासून देत हुतास?"

कादरभाईनं पाचही बोटं दाखवली, पाचही हाळ्यांना.

"म्हंजे रान मुकं न्हाई."

कादरभाईनं मान हलवली, नाही म्हणून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कानिफनाथाच्या डोळ्यांत नव्हतं. अकरा माणसं, त्यातलं एक मागं पडलं असतं, आणि ओ देऊन देऊन मेलं असतं. आणि हा ऐटीत पुढं चालला असता. जगात एकच काम येत होतं, तेही गेलं. आता दूध आणि सिलिंडर.

त्याने पिशवीतली वही काढून कादरभाईच्या हातात दिली. "कट्ट्यावर सांग, वाट बुजली. शिर्डीलाच जावा म्हनावं, तितं कुनी हरवत न्हाई. माज्या कानाचं काडू नको. आन् भाभीचं बूट दुकानदार परत घेत आसंल तर बघ."

कादरभाई काहीतरी बोलला, लांबलचक. कानिफनाथानं 'काय' म्हणून विचारलं नाही.

परतताना त्याने कादरभाईला पुढं घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो सगळ्यात मागं चालत होता, कादरभाईच्या पाठीवरची नजर न हलवता. प्रत्येक वळणावर कादरभाई थांबायचा, मागं वळायचा आणि नियमाप्रमाणे तोंडाला हात लावून हाळी द्यायचा. कानिफनाथ त्याच्या तोंडाकडं बघून ओ द्यायचा. ती केवढ्यानं गेली, ते त्याला कळत नव्हतं.