धक्क्यावरच्या पायऱ्या गेल्या तेव्हा

लाँचच्या धक्क्यावरच्या पायऱ्या फोडून उतार केला तेव्हा सगळी गल्ली खूश झाली. चाकाच्या खुर्चीत बसून लोकांचे कपडे शिवणाऱ्या मावशी तेवढ्या गोंधळल्या. पाण्यापलीकडे त्यांची थोरली बहीण राहायची. ती वर्षानुवर्षं फोनवर म्हणायची, "ये ना गं एकदा." मावशींचं उत्तर तयार असायचं, "आले असते गं ताई, पण त्या पायऱ्या." आता पायऱ्याच गेल्या, म्हणजे बोलणंच खुंटलं.

खरं कारण वेगळंच होतं. ताईच्या लग्नात मावशींना मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं, पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. दार लोटलं ते ताईनंच. त्यावर दोघी कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. मावशी अजून रागावलेल्या होत्या का? तो राग इतका जुना झाला होता की राग कुठला आणि सवय कुठली, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं.

त्यात धक्क्याच्या इंजिनिअरबाईंनी भरीस घातलं, "पहिली फेरी तुम्हीच करा मावशी, कुठे अडतं ते सांगा." मावशी निघाल्या त्या अडायलाच. उतारावर पाहिलं, कठड्यापाशी पाहिलं, लाँचमध्ये चढताना तर डोळ्यांत तेल घालून पाहिलं. बोटभर उंचवटा सापडला असता तरी परत फिरायला निमित्त झालं असतं. पण मेलं चाक कुठे अडेल तर शपथ.

"कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"छान आहे," मावशी पडेल आवाजात म्हणाल्या.

ताईच्या दारासमोर मात्र दोन पायऱ्या निघाल्या. मावशींना हायसं वाटलं आणि लगेच रडू आलं. का, ते समजेना. ताईनं पायऱ्यांकडे असं पाहिलं, जणू त्या रातोरात उगवल्या होत्या.

"अगंबाई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. थांब, मागचं दार सपाट आहे. तिकडून घेते तुला आत."

आता परत गेलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. मावशींनी खुर्चीचा ब्रेक लावला.

"मागून नाही यायची मी. शेजारची माणसं बोलाव आणि पुढून उचलून ने."

ताई हळूच खाली उतरून पायरीवर बसली.

"तेव्हा दार मीच लोटलं होतं," ती म्हणाली.

"हो," मावशी म्हणाल्या. "आता माणसं बोलाव."